दोरी एक, निरोप अनेक

मराठीच्या मास्तराने मोटारीच्या तारांवर लेख लिहावा, आणि तोही दिवाळी अंकात, हे पाहून आमच्या विभागातले सहकारी गालातल्या गालात हसतील. हसोत बिचारे! ज्याला गाडीचे बॉनेट कोणत्या खटक्याने उघडते हे गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, त्याने या फंदात पडू नये हे मलाही कळते. पण गेल्या दिवाळीत वसुबारस ते भाऊबीज या सहा दिवसांत एका उंदराने आणि एका भाच्याने मिळून मला जो धडा दिला, तो वीस वर्षांच्या अध्यापनात मला कोणी दिला नव्हता. तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचे मूळ गाव राजुरी. जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाट्याच्या पूर्वेला. गावात आप्पा आणि आई असतात. मी पोटापाण्यासाठी पुण्यात. दोघांनी पुण्यात येऊन राहावे म्हणून आम्ही पुष्कळ विनवण्या केल्या, पण दावणीला दोन गाई आहेत तोवर आप्पा हलायचे नाहीत, आणि आप्पा हलत नाहीत तोवर आई हलायची नाही. तेव्हा आम्ही भावंडांनी त्यावर आधुनिक तोडगा काढला. आईला एक फोन घेऊन दिला आणि सगळ्या कुटुंबाचा त्यावर एक ग्रुप केला. काका, आत्या, चुलत-मावस भावंडे, सुना, जावई धरून त्रेचाळीस माणसे! आता काय, राजुरीत शिंक आली तरी पुण्यात कळेल, अशी आमची समजूत.

वसुबारसेची रात्र

त्या दिवशी आप्पांना पहाटेपासूनच छातीत भरल्यासारखे होत होते. पण वसुबारस म्हणजे त्यांच्या गाईंचा सण. गोठा सारवायचा, गाईवासरांना न्हाऊ घालायचे, संध्याकाळी पूजा. अशा दिवशी आपल्या दुखण्याचे कौतुक कशाला, असे म्हणून ते गप्प राहिले. दुपारी जेवण न करता आडवे झाले तेव्हा कुठे आईच्या ध्यानात आले. ‘मुलांना फोन करू का?’ असे तिने विचारले, तर ‘सणासुदीचं कुणाला घाबरवू नकोस’ असे उत्तर मिळाले. तिने मग मधला मार्ग काढला. चार वाजून दहा मिनिटांनी तिने ग्रुपवर दोन ओळी टाकल्या : ‘आप्पांना बरं नाही. छातीत भरल्यासारखं म्हणतात. सवड झाली की कुणीतरी फोन करा.’

त्या दोन ओळींच्या आधी पणत्यांची चित्रे होती आणि नंतरही पणत्यांचीच चित्रे होती. कुणाच्या करंज्या, कुणाचा आकाशकंदील, कुणाच्या नातवाचा किल्ला, शिवाय त्रेचाळीस जणांच्या त्रेचाळीस जणांना शुभेच्छा. मी सवा नऊ वाजता जेवण उरकून फोन हातात घेतला तेव्हा न वाचलेले एकसष्ट निरोप होते. ते अंगठ्याने वर सरकवता सरकवता मधेच आईच्या ओळी दिसल्या. पाच तास त्या तिथे पडून होत्या. त्यांच्या खाली कुणीतरी दोन्ही हात जोडल्याचे चित्र टाकले होते. ते आईला उद्देशून होते की वरच्या पणतीला, ते आजवर समजलेले नाही.

मी तसाच मोटार काढून निघालो. मध्यरात्र उलटल्यावर राजुरीला पोचलो. आप्पांना मागच्या सीटवर निजवले, आई त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली, आणि आम्ही नारायणगावचा रस्ता धरला. गावाबाहेर एका खड्ड्यात गाडी आदळली मात्र, आणि माझ्यासमोरच्या काचेत एकामागून एक तीन पिवळे दिवे लागले. वेग दाखवणारा काटा लटपटला आणि शून्यावर जाऊन बसला. गाडी तर धावत होती, आणि काटा म्हणत होता की ती उभी आहे!

माझे हातपाय गळाले. आळेफाट्यावर पोचताच मी गाडी बाजूला घेतली. चुलतभावाला फोन लावला, तो झोपलेला. दुसऱ्याला लावला, तो लागेना. वीस मिनिटे अशी गेली. आप्पा मागून काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. शेवटी समोर एका ट्रकचे चाक काढत बसलेला तरुण मेकॅनिक स्वतःहून उठून आला. त्याने खिडकीतून आत डोकावून दिवे पाहिले, मागे आप्पांकडे पाहिले, आणि म्हणाला,

‘‘सर, दिवे पिवळे आहेत, लाल नाहीत. ब्रेक लागतोय ना? मग चला. जोरात ब्रेक मारू नका, बेतानं चालवा. आधी आजोबांना पोचवा. गाडीचं काय, ती नंतर बघू.’’

आम्ही पोचलो. नारायणगावला पहिले उपचार झाले, तिथून रुग्णवाहिकेने पुण्याला, तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा काढला. आप्पा वाचले. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘दुपारीच आणायला हवं होतं. हृदयाचा काही भाग आता पहिल्यासारखा काम करणार नाही.’’ मी मान हलवली. माझ्या डोळ्यांपुढे पणत्यांची ती चित्रे येत होती.

एसटीतील घंटा

माझी मोटार नारायणगावलाच राहिली होती. भाऊबीजेला बहीण दवाखान्यातच ओवाळायला आली, आणि मुलगा म्हणजे माझा भाचा मला म्हणाला, ‘‘मामा, चला, आज तुमची गाडी घेऊन येऊ.’’ हा भाचा चाकणकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तो तिथे नेमके काय करतो हे आम्हां नातेवाइकांना कधीच कळले नव्हते. ‘गाडीच्या आतलं दळणवळण’ असे तो सांगे, आणि आम्ही ‘असं का, छान!’ म्हणून ताटात आणखी एक लाडू वाढत असू.

आम्ही एसटीने निघालो. गाडी गच्च भरलेली. कंडक्टर मागच्या बाकापाशी अडकलेले. त्यांनी छताशी ताणलेली दोरी दोनदा ओढली. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यापाशी टिण् टिण् झाले आणि गाडी हलली. तेवढ्यात एक म्हातारी धावत आली, दारातल्या कुणीतरी दोरी एकदा ओढली, आणि गाडी जागच्या जागी थांबली. भाचा हसला.

‘‘मामा, मी काय काम करतो ते विचारता ना? ही दोरी.’’

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी सुटली. तेव्हापासून किती पिढ्यांनी ही घंटा ऐकली असेल! पण ती दोरी म्हणजे वाहनातली एक संदेशयंत्रणा आहे असे कधी माझ्या मनात आले नव्हते. चाकण येईपर्यंत भाच्याने मला त्या दोरीवरून जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगतो.

पूर्वीच्या मोटारीत फारसे बोलणेच नव्हते. दिव्याचे बटण दाबले की एक तार दिव्यापर्यंत जाई, हॉर्नची तार हॉर्नपर्यंत. पुढे इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर आला, चाकाचा वेग मोजणारा आला, हवेचा दाब, पेट्रोलची पातळी, दार उघडे की बंद, बाहेर पाऊस आहे की नाही, सगळ्यांवर लक्ष ठेवणारे एकेक यंत्र आले. प्रत्येक मापाची गरज एकालाच असती तर प्रश्न नव्हता. पण चाकाचा वेग ब्रेकच्या यंत्राला हवा, इंजिनाला हवा, समोरच्या काट्याला हवा, स्टिअरिंगला हवा आणि आपोआप लागणाऱ्या दरवाजांच्या कुलपालाही हवा. प्रत्येकाने प्रत्येकाकडे स्वतंत्र तार ओढायची म्हटले तर मोटार म्हणजे तांब्याचे गाठोडेच व्हायचे.

जर्मनीतील बॉश कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८३ च्या सुमारास यावर विचार सुरू केला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी भरलेल्या परिषदेत आपली योजना मांडली. तिचे नाव ‘कॅन’. दुधाच्या कॅनशी तिचा काही संबंध नाही. तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मर्सिडीजच्या मोठ्या मोटारींत ती बसली, आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून आमच्या चाकणला आहे. राजुरीला जाता-येता चाकणच्या वाहनकोंडीत मी शेकडो तास घालवले असतील. पण त्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या पोटात एवढी बडबड चालू असते, याची मला कल्पना नव्हती.

आधी कोणी बोलायचे?

‘कॅन’ची कल्पना अशी. सगळ्या यंत्रांतून मिळून एकच तारांची जोडी फिरवायची, एसटीतल्या दोरीसारखी. ज्याला काही सांगायचे त्याने त्या तारेवर सांगायचे. ज्याला गरज असेल त्याने ऐकायचे. निरोपावर पत्ता नसतो. ‘अमक्याला कळवा’ असे नसतेच. ‘हा चाकांचा वेग आहे’ एवढेच असते. गावात दवंडी पिटतात तशी ही गोष्ट. ज्याच्या कामाची असेल तो कान टवकारतो, बाकीचे आपल्या कामात.

‘‘पण सगळेच एकदम बोलायला लागले तर?’’ मी विचारले. वर्गात हा अनुभव मला रोजचा आहे.

‘‘त्यातच तर सगळी गंमत आहे मामा. तुमची दोरीच घ्या. एकानं ओढली आणि दुसऱ्यानं नाही ओढली, तर घंटा वाजते का?’’

‘‘वाजणारच.’’

‘‘म्हणजे ओढणारा न ओढणाऱ्यावर मात करतो. बस्, एवढ्यावर सगळं उभं आहे.’’

प्रत्येक प्रकारच्या निरोपाला एक क्रमांक दिलेला असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक ११ ठोक्यांचा, म्हणून २,०४८ तऱ्हेचे निरोप मावतात. प्रत्येक ठोक्याला एकतर दोरी ओढायची किंवा ओढायची नाही. समजा, ब्रेकचे यंत्र आणि थंड हवेचे यंत्र एकाच क्षणी बोलायला उठले. ब्रेकच्या क्रमांकाची चाल ‘ओढ, ओढ, ओढ’ अशी सुरू होते. थंड हवेची ‘ओढ, थांब, ओढ’ अशी. पहिल्या ठोक्याला दोघांनीही दोरी ओढली, घंटा वाजली, कुणालाच काही कळले नाही. दुसऱ्या ठोक्याला थंड हवेच्या यंत्राने दोरी ओढली नाही, तरी घंटा वाजली! ते लगेच ओळखते की आपल्याहून महत्त्वाचे कोणीतरी बोलत आहे, आणि मुकाट्याने गप्प बसते. ब्रेकला तर आपल्याशी कोणी स्पर्धा केली होती याचा पत्ताही लागत नाही. त्याचा निरोप न अडखळता पुरा होतो, आणि तो संपला की थंड हवेचे यंत्र पुन्हा प्रयत्न करते. भांडण नाही, अध्यक्ष नाही, आणि कुणाचाही एक क्षण फुकट गेला नाही.

ही दोरी बहुतेक मोटारींत सेकंदाला ५ लाख ठोके देते. एक पुरा निरोप साधारण सव्वाशे ठोक्यांचा, म्हणजे सेकंदाच्या चार हजाराव्या भागात संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार तेवढ्या वेळात जेमतेम ४ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढी, पुढे सरकते.

आणखी एक नियम मला फार आवडला. जो चुकीचे बोलतो त्याच्या चुका मोजल्या जातात, आणि मोजतो कोण, तर तो स्वतः! प्रत्येक चुकीला गुण वाढतात, बरोबर बोलले की कमी होतात; २५५ च्या पुढे गेले की ते यंत्र आपण होऊन दोरी सोडते आणि बोलणे बंद करते. हा नियम साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर लागू करता येईल का, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘मामा, तिथं मोजणारं यंत्र आधी बसवावं लागेल.’’

ज्याची त्याची वाट

चाकण मागे पडले, राजगुरुनगर आले. माझ्या मनात एक शंका होती. सगळ्यांना एकाच दोरीवर कशाला ठेवायचे? पाऊस पडतो आहे हे सांगणारा सेन्सर आणि चाक घसरते आहे हे सांगणारा सेन्सर यांची योग्यता एक कशी?

भाचा म्हणाला की म्हणूनच नव्या मोटारीत एक दोरी नसते, अनेक असतात. खिडक्या, आरसे, सीट, पावसाचा सेन्सर या सावकाश मंडळींसाठी ‘लिन’ नावाची स्वस्त वाट असते. एकच तार, आणि सेकंदाला फार तर २० हजार ठोके. तिथे कोणी आपण होऊन बोलतच नाही. एक मुख्य यंत्र क्रमाने नाव पुकारते आणि ज्याचे नाव येईल तेवढाच उत्तर देतो. हे मला तत्काळ समजले. आमची हजेरी याहून वेगळी काय असते?

जिथे क्षणाचाही फरक चालत नाही अशा कामांसाठी ‘फ्लेक्सरे’ निघाली. ती शाळेच्या वेळापत्रकासारखी. प्रत्येक निरोपाचा तास ठरलेला. कुणी बोलो न बोलो, त्याचा तास दुसऱ्याला मिळत नाही. २००६ साली एका जर्मन मोटारीत ती प्रथम आली.

आणि कॅमेरा? दहा लाख ठिपक्यांचे चित्र, ठिपक्याला १२ ठोके, सेकंदाला ३० चित्रे असा हिशेब मी तिकिटाच्या पाठीवर केला, तर ३६ कोटी ठोके झाले! ५ लाखांच्या दोरीवर हे चढवणे म्हणजे पायवाटेवर उसाने भरलेले सातशे ट्रॅक्टर एकदम सोडण्यासारखे. म्हणून चित्रांसाठी ‘इथरनेट’चा वेगळा रुंद रस्ता असतो, सेकंदाला १० कोटी ठोक्यांचा आणि आता त्याहूनही मोठा. तिथेही चित्र आवळून पाठवावे लागते. किंवा कॅमेऱ्यानेच चित्र पाहून ‘समोर माणूस आहे, इतक्या अंतरावर आहे’ एवढा निष्कर्ष कळवायचा. तो छोटा निरोप कॅनवरूनही जातो.

‘‘मग या वाटांवरचे लोक एकमेकांशी बोलणार कसे?’’

‘‘आळेफाटा!’’ भाचा म्हणाला. ‘‘पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता कुठं भेटतात? तसाच गाडीत एक फाटा असतो, त्याला गेटवे म्हणतात. मी त्याच फाट्यावर काम करतो. कुठला निरोप कुठल्या रस्त्यावर सोडायचा, कुणाला थांबवून ठेवायचं, कुणाला अजिबात सोडायचं नाही, हे तिथं ठरतं.’’

हे शेवटचे फार महत्त्वाचे. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी एका धावत्या जीपमध्ये दुरूनच, तिच्या गाणी आणि नकाशे दाखवणाऱ्या यंत्रातून शिरकाव केला आणि तिथून आतल्या दोरीपर्यंत पोचून गाडी मंदावून दाखवली. परिणामी सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. गाण्याच्या वाटेने आलेल्याला ब्रेकच्या वाटेवर जाऊ न देणे हे फाट्यावरच्या नाकेदाराचे काम आहे.

उंदराचे दात

नारायणगावी उतरून गाडी घेतली आणि हळूहळू आळेफाट्याला आलो. तोच मेकॅनिक होता. त्याने आधी ‘‘आजोबा कसे आहेत?’’ असे विचारले आणि मग स्कॅनर काढला. स्टिअरिंगच्या खाली १६ खाचांचे एक भोक असते, त्यात ते यंत्र अडकवले की गाडी आपले दुखणे एक अक्षर आणि चार आकड्यांत सांगते.

‘‘सी आलाय सर, म्हणजे ब्रेक-चाकांकडचं काहीतरी. यू आला असता तर अवघड होतं. यू म्हणजे यांचं आपसातलं बोलणंच तुटलं.’’ तरी खात्रीसाठी त्याने बॅटरीची तार काढून त्या १६ खाचांतल्या सहाव्या आणि चौदाव्या खाचेत मीटरच्या दोन काड्या टेकवल्या. मीटरवर ६० आले. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक बसवलेले असते. दोन्ही जागेवर असतील तर मिळून ६० येतात, एक निखळले तर १२०. ‘‘मेन लाईन ठणठणीत आहे,’’ तो म्हणाला, आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आत हात घालून त्याने कुरतडलेली तार बाहेर ओढली. आमच्या पुण्याच्या इमारतीतल्या उंदराचे ते काम. तार अर्धी खाल्ली होती. राजुरीच्या खड्ड्याने उरलेली तोडली.

मी विचारले, ‘‘एका चाकाची तार तुटली, तर तीन दिवे आणि काटा कशाला?’’ उत्तर भाच्याने दिले. त्या चाकाचा वेग ब्रेकच्या यंत्राकडे जातो आणि ते यंत्र मुख्य दोरीवर सर्वांना सांगते. वेग येईना, तेव्हा ब्रेकच्या यंत्राने दवंडी पिटली, ‘या चाकाचा भरवसा धरू नका.’ ती ऐकून ज्याचे त्याचे काम चाकाच्या वेगावर अवलंबून होते त्याने आपापला दिवा लावला आणि तो बेताने वागू लागला. काट्याने तर खोटा आकडा दाखवण्यापेक्षा शून्य पत्करले. साधा ब्रेक मात्र शाबूत होता, कारण तो या बोलण्यावर अवलंबून नव्हता.

मुख्य तारेची जोडी एकमेकींना पीळ देऊन का गुंफलेली असते, हेही तिथेच कळले. निरोप देताना एका तारेचा दाब चढतो आणि दुसरीचा उतरतो. ऐकणारा दोघींमधला फरक मोजतो. हॉर्नची, मोटरची, ठिणगीची खरखर दोघींवर सारखीच आदळते, म्हणून फरक जसाच्या तसा राहतो. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण इथून फार लांब नाही. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० थाळ्या आकाशातली कुजबुज ऐकतात. हा परिसर निवडण्याचे एक कारण इथली विद्युत-शांतता हे होते. मोटारीच्या नशिबी तशी शांतता नाही; तिला गोंगाटातच ऐकावे लागते. पुण्यात मी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिथल्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत, अशा विद्युत-गोंगाटात गाडीची यंत्रे ताळ्यावर राहतात की नाही, याच्याही चाचण्या होतात. इतकी वर्षे मी तिच्या कुंपणाकडे पाहत घाम पुसत आलो. आत काय चालते हे विचारायचे कधी सुचले नाही.

मौनाचा अर्थ

तार जोडून झाली, दिवे विझले. आम्ही राजुरीला गेलो. आई दवाखान्यातून एक दिवसासाठी घरी आली होती. गाईंकडे पाहायला हवे म्हणून. ओट्यावर बसून चहा घेताना मी भाच्याला मनातला प्रश्न विचारला.

‘‘समज, तार अशी तुटली नाही, एखादं यंत्रच मेलं. ते ‘मी मेलो’ असं सांगू शकत नाही. मग बाकीच्यांना कसं कळतं?’’

‘‘सोपं आहे मामा. महत्त्वाचा निरोप ठरलेल्या वेळानं येतच राहायला हवा, सांगण्यासारखं काही नवीन असो वा नसो. चाकाचा वेग सेकंदाला पन्नास-शंभर वेळा येतो. गाडी उभी असली तरी ‘शून्य, शून्य’ असं येत राहतं. तो काही वेळ आला नाही, की ऐकणारा गृहीत धरतो, काहीतरी बिघडलंय. आमच्याकडं गप्प बसणं म्हणजे ठीक असणं, असं धरत नाहीत.’’

आई चहाचे कप उचलत होती. ती थबकली, पण काही बोलली नाही.

मी मात्र तिथेच खिळलो. आमच्या घरात, आणि मला वाटते पुष्कळ मराठी घरांत, नेमके उलटे धरून चालतात. ‘गावाकडून फोन नाही ना, म्हणजे सगळं ठीक आहे,’ असे मी कितीदा म्हटले असेल! आप्पा पहाटेपासून गप्प होते, ते आईने ठीक असण्यात जमा केले. आई चारनंतर गप्प राहिली, ते आम्ही त्रेचाळीस जणांनी. आणि जिने अखेर तोंड उघडले, तिचा निरोप आम्ही पणत्या-करंज्यांच्या रांगेत उभा केला, कारण आमच्या दोरीवर सगळ्यांचा क्रमांक एकच होता. सारवासारव करायची तर ‘तिने फोन करायला हवा होता’ असे म्हणता येईल. आत्याबाई तसे म्हणाल्याही. पण आईने सत्तर वर्षांत स्वतःचा निरोप दुसऱ्याच्या आधी कधी जाऊ दिलेला नाही. तिच्यावर तो भार टाकणे बरोबर नाही. व्यवस्था आम्ही केली होती. क्रम आम्ही लावायला हवा होता.

त्या संध्याकाळी ओट्यावरच आम्ही तीन नियम केले. ग्रुप चालू राहील. त्यावर पणत्या, करंज्या, किल्ले सगळे खुशाल यावे. दुखण्याखुपण्याची गोष्ट त्यावर टाकायची नाही. तिथे थेट फोन, तोही रात्री किती वाजले हे न पाहता. आणि रोज रात्री नऊ वाजता हजेरी. आईने मला किंवा बहिणीला फोन लावायचा आणि दोघांची खुशाली सांगायची. सांगण्यासारखे काही नसले तरी. सव्वा नऊपर्यंत फोन आला नाही, तर आम्ही करायचा. उचलला नाही, तर शेजारच्यांनी दार ठोठवायचे.

‘‘रोज काय सांगायचं रे?’’ आईने विचारले.

‘‘आजी, शून्य सांगायचं,’’ भाचा म्हणाला.

आता वर्ष होत आले. आप्पा हिंडतात-फिरतात, पण गोठ्यातली पाटी उचलत नाहीत, आणि वस्तीपर्यंतची चढण दोन ठिकाणी थांबून चढतात. एक गाय विकली. ते त्याविषयी बोलत नाहीत, आणि मी आता त्यांच्या न बोलण्याचा अर्थ पूर्वीसारखा घेत नाही. मोटारीत पुन्हा उंदीर शिरू नये म्हणून मी बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवली आहे. तिचा कितपत उपयोग होतो हे उंदीरच जाणे.

रात्री नऊला फोन वाजतो. ‘‘आज काही नाही रे,’’ आई म्हणते. ‘‘दूध काढलं, भाकरी झाली, आप्पा बातम्या ऐकतायत. ठेवू का?’’

मी ‘ठेव’ म्हणतो. मग जेवायला बसतो.